अस्वलाचंही एक लिही

इंग्रजी शब्दाइतका बनेल प्राणी जगात दुसरा नाही, असं मास्तरांचं मत होतं. वरून गरीब दिसतो आणि पोटात दहा अर्थ दडवून बसतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी अशा रोजच्या शब्दांचं पुस्तक करायला घेतलं आणि बायकोलाही त्या कामाला जुंपलं. सकाळी ते जाड कागदाच्या चिठ्ठीवर शब्द आणि त्याचे अर्थ लिहून ठेवत. दुपारी ती प्रत्येक अर्थाला इंग्रजीत एकेक वाक्य जोडी. संध्याकाळी मास्तर लाल पेन घेऊन तपासायला बसत. पुस्तकी वाक्य त्यांना मुळीच खपत नसे. "घरात बोलतो तसं लिही," असा त्यांचा हुकूम होता. आता या उद्योगापायी घरातलं बोलणंच आटत चाललं होतं, ते सोडा.

ती इस्पितळात दाखल झाली तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं, "दुखणं कधीपासून?"

मास्तरच पुढे होऊन म्हणाले, "महिना झाला असेल."

तपासण्या झाल्या. रोग आत पसरला होता आणि शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिचे कपडे न्यायला मास्तर घरी आले. घर खायला उठलं होतं. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्यांनी चिठ्ठ्यांचा खोका उघडला. 'शार्प' निघाला. सुरीचं वाक्य होतं, वेळेवर येणाऱ्या पाहुण्याचं होतं. तिसरं होतं, माझ्या कुशीत सकाळपासून कळ येते. मग 'स्टिल' निघाला. तळ्याचं पाणी स्थिर आहे. कळ अजून थांबलेली नाही. प्रत्येक चिठ्ठीवर तारीख होती, ती शिस्त मास्तरांचीच. या तारखा आठ महिन्यांपूर्वीच्या होत्या. वाक्यांपुढे लाल पेनाने बरोबरच्या खुणाही केलेल्या होत्या.

'बेअर'च्या चिठ्ठीवर तिने आधी एकच वाक्य लिहिलं होतं. हे आता मला सोसवत नाही. त्याखाली मास्तरांचं वळणदार अक्षर होतं, "वाक्य छान. अस्वलाचंही एक लिही."

तिने तेही लिहिलं होतं.

कपड्यांची पिशवी विसरून मास्तर तसेच इस्पितळात आले.

"अगं, मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आले होते की एकदा," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, लिहून ठेव, संध्याकाळी बघतो. मग लिहून ठेवत गेले."

"मला वाटलं..."

"उदाहरण वाटलं. ठाऊक आहे मला."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेला माणूस, आणि घरातलं एक वाक्य त्याला वाचता आलं नव्हतं.

"आता दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"दुखतंय."

"कुठे?"

तिने त्यांचा हात धरून कुशीवर ठेवला. बराच वेळ तो तिथेच राहिला.

"आणि भीती वाटते हो," ती म्हणाली.

"मलाही," ते कसंबसं म्हणाले.

ती थोडी पलीकडे सरकली. "मग उभे काय राहिलात? बसा इथे."