भरून परत केलेली गाडी

आमच्या घरात मागून आणलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात काढल्या, जिभेवर कन्नड चढलं, भाकरीच्या जागी नाचणीचे गोळे, रागीमुद्दे आले, पण हा नियम हलला नाही. वाटी आली तर वाटीत साखर, पातेलं आलं तर निदान मूठभर तांदूळ. आणि काय घातलं ते तोंडानं सांगायचं नाही. सांगितलं की दिलेलं वाया.

रविवारी सकाळी माझी जाऊ अनुसूया रवालाडवांचा डबा घेऊन आली. माझ्या लेकाची, कार्तिकची गाडी तिनं बारशाला नेली होती आणि काल संध्याकाळी आमच्या गॅरेजपुढे आणून लावली होती. कार्तिक पहाटेच ती घेऊन आनेकलच्या पलीकडे गेला होता. तिथल्या एका जुन्या खासगी धावपट्टीवर पोरं गाड्या पळवतात आणि कुणाला किती वेळ लागला ते मोजतात.

"डब्याची काय गरज होती ग?" मी म्हटलं. "की गाडीसुद्धा भरूनच परत केलीस?"

मी आपली थट्टा केली. ती लाजली.

"शी, रत्नाक्का, ते काय बोलून दाखवायचं असतं?"

माझ्या हातातला लाडू हातातच राहिला. "अनुसूया, काय भरलंस?"

"पेट्रोल. आणखी काय, ताक? अर्धी टाकी होती, गळ्यापर्यंत भरली. कोपऱ्यावरच्या बंकात."

कोपऱ्यावरच्या बंकात, म्हणजे पंपावर, साधंच पेट्रोल मिळतं.

इथल्या, बेंगळुरातल्या शिवाजीनगरात आमचं गॅरेज आहे. पाने आमच्या ह्यांच्या, उमाजींच्या हातात आणि लॅपटॉप माझ्या. इंजिनाचं ट्यूनिंग मी व्हिडिओ बघून आणि दोन इंजिनं जाळून शिकले. टर्बो म्हणजे इंजिनाच्या तोंडात हवा कोंबणारा पंखा. जितकी हवा कोंबाल तितका जोर. पण दाब फार वाढला की साध्या पेट्रोलला धीर निघत नाही. ठिणगीची ज्योत पोचायच्या आतच ते कोपऱ्यात आपलं आपण भडकतं आणि पिस्टनवर हातोडे बसायला लागतात. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल धीराचं. त्या धीराच्या भरवशावर मी लेकाच्या गाडीचा दाब वाढवून दिला होता. इंजिनाला स्वतःचा कान असतो. हातोडे ऐकू आले की तो ठिणगी लांबवतो. पण मी दाब जिथं नेऊन ठेवला होता, तिथं साधं मिसळलेल्या पेट्रोलवर तो कान पुरला नसता.

कार्तिकला मी पत्र्याच्या डब्यात सुके वाटाणे घालून खुळखुळवून दाखवले होते. "असा आवाज आला की पाय काढायचा. तिथल्या तिथं."

"सरी, आई, सरी," म्हणाला होता. पोरगं कंटाळलं की कन्नडात हो म्हणतं.

फोन लागला नाही. धावपट्टीच्या दारावर सगळ्यांचे फोन काढून ठेवतात. ह्यांनी जुनी व्हॅन काढली. अनुसूया दारात उभी राहून विचारत होती, "अक्का, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "नाही ग, लाडू ओट्यावर ठेव."

वाटेत हे एकदाच बोलले. "फार तर पिस्टन जाईल."

"आणि तुकडे अडकून इंजिन जागच्या जागी थांबलं तर? पुढची चाकं त्या वेगात अडकली तर?"

ह्यांनी व्हॅनचा वेग वाढवला. धावपट्टीच्या टोकाला दगडी भिंत आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आम्ही पोचलो तेव्हा कार्तिकची गाडी रेषेवर उभी होती. मी ओढणी हलवली, ओरडले. बाजूच्या पोरांना वाटलं, आई लेकाला हुरूप द्यायला आलीय; तीही ओरडली. झेंडा पडला.

गाडी समोरून गेली तेव्हा मला ऐकू आले. वाटाणे. आधी चार दाणे, मग मूठभर, मग सगळा डबा. आवाज भिंतीकडे जात राहिला, बारीक होत गेला. हे माझा दंड धरून उभे होते. दुखेल इतका घट्ट.

मग ब्रेकचा दिवा लाल झाला.

लेक हसत परतला. "आई, तू? आजवरचा सगळ्यात कमी वेळ! आणखी एकदा जातो."

"बॉनेट उघड."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. टाकीत साधं मिसळलंय. वाटाणे ऐकले नाहीस?"

"हेल्मेटात काय ऐकू येणार? काटा फुल्लवर होता. मला वाटलं, तूच भरलंस."

हातमोजा चढवून मी एकेक प्लग काढला. तिसऱ्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक चमचमतं काही होतं, मिठाईवरच्या वर्खासारखं. पिस्टनचं ॲल्युमिनियम. वितळून उडालेलं.

त्यानं वाकून बघितलं. "स्वल्पच आहे की. एकच रन, आई. मग उघडू."

मी प्लग पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. त्यानं पर्सकडे असं पाहिलं, जणू त्यात मी त्याचीच काही चीज चोरून नेत होते. गाडी दोरानं ओढून आणली.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी इंजिन उघडलं. तिसऱ्या पिस्टनची कड उंदरानं बिस्कीट कुरतडावं तशी खाल्ली गेली होती आणि मध्यावर कांद्याच्या सालीइतका पातळ धातू उरला होता. ह्यांनी त्यावर बोट टेकवलं. बोट आत गेलं.

कार्तिक शेजारीच उभा होता. त्यानंही भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता रडेल.

"यापेक्षा मजबूत पिस्टन मिळतात, आई," तो हळूच म्हणाला. "ते घातले तर दाब अजून थोडा वाढेल ना?"

मी लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली कुठं ठेवते, ते त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

अनुसूयाला आम्ही काहीच सांगितलं नाही. काल तिचा फोन आला होता. पुढच्या महिन्यात मुंज आहे, गाडी मिळेल का, आणि हो, तिचा डबा. डबा घासूनपुसून ओट्यावर तयार आहे. रिकामा द्यायचा नाही, आणि त्यात काय घालावं ते मला अजून सुचलेलं नाही.