दाराजवळची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. रिकामी दिसले म्हणून लगेच बसू नका. आधी ऐकून घ्या, उभ्यानेच.

सुताराने मला सागवानी म्हणून विकलं. मी सागवानी नाही, पण त्याचं पोट चालू दे. माझी पहिली नोकरी दातांच्या डॉक्टरांकडे, बाहेरच्या खोलीत. तिथे चांगली दांडगी माणसं माझे हात घट्ट धरून बसायची आणि आतून यंत्राची घरघर आली की "जरा जाऊन येतो" म्हणून पसार व्हायची. घाबरलेलं माणूस मला बसल्या बसल्या ओळखू येतं, ते तेव्हापासून.

डॉक्टर निवृत्त झाले आणि मी या बाईंकडे आले. बाई समुपदेशक आहेत. अपघात, मारहाण, आग असलं काही सोसलेली माणसं त्यांच्याकडे येतात. मला वाटलं, आता एका कोपऱ्यात सुखाने राहीन. कसलं काय! येणाऱ्या प्रत्येकाला बाई विचारतात, "खुर्ची कुठे ठेवू?" कुणाला भिंतीला पाठ हवी, कुणाला खिडकी. मी आपली दिवसभर फिरतीवर.

विचारण्याचा बाईंना सोसच आहे. पंखा कमी करू का, दार उघडं राहू दे का, आज इथेच थांबू या का. त्यांची थोरली बहीण डबा घेऊन येते. ती एकदा म्हणाली, "इथे एवढं विचारतेस, आणि घरी माझ्या हातातला रिमोट खुशाल ओढून घेतेस."

"तिथे तू आहेस ना ऐकून घ्यायला, ताई."

या ताईच्या बोलण्यातूनच मला बाईंचं मागचं कळलं. बाई पंधरा वर्षं अपघात विभागात नर्स होत्या. हात चपळ, आवाज करडा. टाके घालताना कुणी तडफडलं की "धरा रे याला" हा हुकूम त्यांचाच. मग एकदा त्या स्कूटरवरून पडल्या आणि त्याच टेबलावर चौघांनी त्यांना धरलं. टाके आठवड्यात निघाले, पण पुढे वर्षभर मागून कुणी खांद्यावर हात ठेवला की बाई दचकायच्या. तेव्हा चाळिशीत त्या पुन्हा पुस्तकं घेऊन बसल्या.

या वर्षी त्यांच्याकडे एक बसचालक येऊ लागला. बस उलटली तेव्हा तो तासभर केबिनमध्ये अडकला होता, दार उघडेना. तेव्हापासून त्याला बंद दार सोसेना. अंघोळही दार उघडं टाकून करायचा. शेवटी बायकोने तिथे पडदा लावला. नोकरी सुटायची वेळ आली होती, कारण दार लावल्याशिवाय बस हलत नाही.

तीन सोमवार तो मला दाराला खेटून ठेवायचा आणि माझ्यावर अर्धाच टेकायचा. बोलणं सगळं हवापाण्याचं. बाईही हवापाण्याचंच बोलायच्या. मला कंटाळा यायचा, त्यांना नाही. चौथ्या सोमवारी तो म्हणाला, "त्या दिवशी मागच्या सीटवर..." एवढ्यात शेजारच्या ऑफिसवाल्यांनी बाहेर कपाट फरफटत न्यायला घेतलं आणि बाईंमधली जुनी नर्स जागी झाली. त्यांनी चटकन उठून दार लावलं. न विचारता.

तो असा उठला की मी उताणी पडले. दार उघडून जो गेला तो गेलाच. बाईंनी मला उचललं आणि माझ्यावरच बसून राहिल्या. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही.

पुढच्या सोमवारी वेळ टळली. बाई तीनदा जिन्यापर्यंत जाऊन आल्या. मग तो आला, पण उभाच राहिला.

"मागच्या वेळी मी न विचारता दार लावलं," बाई म्हणाल्या. "चूक माझी होती."

"चौकशीला सात साहेब होते," तो म्हणाला. "आमची चूक, असं एकही म्हणाला नाही."

त्याने मला दारापासून दोन हात आत ओढलं आणि बसला, यावेळी नीट. माझा एक हात आता सैल झालाय, तरी मी कुरकुरले नाही. तुमच्याकडेही कुणी असं दाराशीच बसलं, तर "आत या, लाजता काय" म्हणून ओढू नका हो. येईल ते आपल्या पावलाने.

बाहेर कुणीतरी फोनवर भांडायला लागलं. दोघांनी दाराकडे पाहिलं. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"लावा," तो म्हणाला.

"किती?"

"अर्धं." मग थांबून म्हणाला, "अजून थोडं."

चार बोटं जातील एवढी फट राहिली.

"असू दे," तो म्हणाला आणि त्याने सांगायला सुरुवात केली. मी एवढी बडबडी, पण ते काही मी तुम्हाला सांगणार नाही.