तोकड्या दोरीचा सलाम

मी दरवान बोलतोय. लाकडाचा, हातभर उंचीचा, पण मिशा अस्सल केसांच्या! प्रत्येक खेळात पडदा उघडला की पहिला मी येतो, कपाळाला हात लावून सलाम ठोकतो आणि बाजूला उभा राहतो. काम एवढंच, ऐट मात्र राजापेक्षा जास्त.

माझ्या मालकांनी मला चाळीस वर्षं नाचवलं. तरुणपणी बाहुल्यांच्या पेटीच्या झाकणात सापडून त्यांची तर्जनी वाकडी झाली. ती पुरेशी वर जाईना, म्हणून माझ्या उजव्या हाताची दोरी त्यांनी चार बोटं तोकडी केली. पुढे त्यांचे गुडघे कुरकुरू लागले आणि आमचं सगळं बिऱ्हाड बाहुल्यांच्या संग्रहालयात आलं. इथे खाली काचेची कपाटं, वर छोटं नाट्यगृह. काम करणारी बाहुली वर, थकलेली खाली. खेळ आता मालकांची लेक करते.

संग्रहालयाच्या बाई भारी टापटिपीच्या. "एकच दोरी तोकडी? काय हा हलगर्जीपणा!" म्हणत त्यांनी पट्टी लावून सगळ्या दोऱ्या सारख्या केल्या. झालं! तालमीत माझा हात पोटापर्यंत आला आणि तिथेच थांबला. सलाम कसला, पोट दुखल्यासारखा दिसत होतो.

"थकला बिचारा," बाई म्हणाल्या. "काचेत ठेवू या."

माझं धाबंच दणाणलं. काचेला लोक नाक लावतात, टाळ्या कुणी वाजवत नाही.

लेकीने बाबांना बोलावलं. मालक काठी टेकत आले, तिच्या हाताकडे पाहिलं आणि हसत सुटले.

"अगं, बोट का वाकवतेस?"

"तुम्ही असंच धरायचात ना, बाबा?"

"माझं मोडलं होतं गं! तुझं धडधाकट आहे!"

लेक ओशाळली. लहानपणापासून बघून बघून तिने ती पकडच गिरवली होती. "आता हात असाच बसलाय," ती बाईंना म्हणाली. "दोरीच आखडा."

बाईंनी दोरी पुन्हा आखडली आणि माझ्या नोंदीत लिहिलं, 'तोकडी. मुद्दाम.'

त्या संध्याकाळी मालक पहिल्या रांगेत बसले. चाळीस वर्षं खेळात त्यांना वरून माझी फक्त पगडी दिसायची. मी खणखणीत सलाम ठोकला.

"समोरून हा एवढा रुबाबदार दिसतो होय!" ते बाईंना म्हणाले. मग डोळे पुसत उभे राहिले आणि त्यांनी मला सलाम केला.

मी अजून वरच आहे. तुम्हीही या, आणि हाताची घडी घालून बसू नका. जन्मभर सलाम करणाऱ्यालाही वाटतं, एखादा आपल्याला मिळावा.