मिटल्या ओठांची बाहुली

कर्नल सुधाकर निंबाळकर निवृत्तीनंतर साताऱ्याला परतले नाहीत. जयपूरच्या कोरड्या हवेत जुनं कापड आणि लाकूड टिकतं, आणि त्यांना जपायच्या होत्या त्या बाहुल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या, जर्मन, बिस्कच्या. म्हणजे चकाकी न चढवलेल्या भाजलेल्या चिनी मातीच्या, बोट लावलं तर कातडीचा भास व्हावा अशा. मालवीय नगरातल्या फ्लॅटची मोठी खोली बाहुल्यांची होती. मुलगी कस्तुरी लहानपणी त्यातल्या एकीशी खेळली, म्हणून तिला मिळालेला मार ती लग्नानंतरही विसरली नव्हती. फोन करायची तो फक्त आईला.

थंडीत एका हवेलीच्या सामानातून कर्नलांनी नवी बाहुली आणली.

"बाकीच्यांचे दात दिसतात," ते नीलिमाबाईंना म्हणाले. "मिटल्या ओठांची दुर्मिळ. हिच्या गप्प राहण्याला किंमत आहे." आणि बायकोकडे बघून हसले. असल्या हसण्याची नीलिमाबाईंना लग्नापासून सवय होती.

बाहुल्या पुसायचं काम त्यांचंच. होळीच्या सुमारास त्यांना त्या ओठांत केसाएवढी फट दिसली, आणि पुढे फटीत दाताचं पांढरं टोक.

"अहो, हिचं तोंड उघडतंय."

कर्नलांनी भिंग लावून पाहिलं. चेहरा उतरला.

"काय केलंस हिला?"

"मी नुसतं पुसते."

"खोटं बोलू नकोस!"

लेकीवर हात उगारतानाही ते हेच ओरडले होते. तेव्हा नीलिमाबाई गप्प बसल्या होत्या. आता मात्र त्यांनी कपाटावरची बॅग काढली आणि कस्तुरीला फोन लावला. "मी तुझ्याकडे येतेय. कायमची."

"आई? आवाज येत नाहीये."

त्यांनी तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं.

"रडतेयस का गं? नुसता श्वास ऐकू येतोय."

फोन बिघडला असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. पण सकाळी दूधवाल्या भैयाला उद्यापासून दूध कमी टाकायला सांगितलं, तर तो त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत "जी? जी?" करत राहिला.

बॅग उचलून त्या मोठ्या खोलीच्या दारात आल्या. उन्हं बाहुल्यांच्या कपाटाच्या काचेवर आली होती, आणि कर्नल त्यांच्याकडे पाठ करून काचेमागच्या त्या नव्या बाहुलीसमोर खुर्ची ओढून बसले होते.

"अहो, मी जाते," नीलिमाबाई म्हणाल्या.

या खेपेला आवाज स्वच्छ उमटला. काचेच्या आतून.

कर्नल पुढे झुकले.

"जाऊ नकोस, नीलू," ते म्हणाले, इतक्या मायेने, की तसं त्यांना बोलताना नीलिमाबाईंनी कधी ऐकलंच नव्हतं. "बोल तू. ऐकतोय मी."