दोनशे मासे जास्त

पैज बाबांनीच लावली होती. शेडमध्ये दोन टाक्या, एक माझी, एक दादाची. तीन महिन्यांनी ज्याचा मासा वजनाला भारी, त्याच्या हाती शेड. दादाने आठशे पिल्लं सोडली. जास्त मासे म्हणजे जास्त माल, एवढंच त्याचं गणित. मी चारशेच सोडली. दाटीवाटीत मासा अंग धरत नाही, हे मी दहा वर्षं त्याच पाण्यात हात भिजवून शिकले होते.

चारशेंना पुरेल एवढं खाद्य मी रोज तोलून टाकायचे. तरी मासे वाढेनात. आठवड्याला वीस मासे काढून वजन करायचं, ही आमची पद्धत. अख्खी टाकी मोजायला कोण बसतंय? "धीर धर गं," बाबा म्हणायचे. मी धरला.

शेवटी काट्यावर दादाचा मासा तीस ग्रॅमने भारी भरला. बाबांनी शेडच्या किल्ल्या त्याला दिल्या.

मी माझी टाकी रिकामी करायला घेतली, मोजत मोजत. चारशे झाले तरी मासे संपेनात. पाचशे एक्याण्णव! टाकीत व्यायले की काय?

मी थेट दादाची कॉलर धरली.

"आईशप्पथ, मला काही ठाऊक नाही," तो म्हणाला. "माझी टाकीपण मोज."

त्याच्या टाकीत पाचशे अठ्ठ्याऐंशी निघाले. म्हणजे त्याचे सहाशे आठशेंचं खाऊन गुबगुबीत, आणि माझे सहाशे चारशेंचं खाऊन अर्धपोटी.

नळाखाली जाळं धूत बसलेल्या बाबांनी मान वर केली नाही.

"मीच टाकले. पहिल्याच आठवड्यात, तू बाजारात गेली होतीस तेव्हा."

"का?"

"तो हरला असता तर घर सोडून गेला असता. तू हरलीस तरी राहणार, ही खात्री होती."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. माझ्या चांगुलपणाचीच त्यांनी सुरी केली होती. अंगाची लाहीलाही झाली.

"आता त्याला खाद्याचं माप तेवढं शिकव," ते म्हणाले.

मी रबरी बूट काढून त्यांच्यासमोर ठेवले आणि दाराकडे वळले.

"अगं, कुठे निघालीस?"

त्यांच्या आवाजात खरंखुरं आश्चर्य होतं. तेच मला सगळ्यात जास्त लागलं.