चुकीच्या खणातल्या सात फायली

माझं काम दुपारी बाराला संपतं. सुट्टी साडेपाचला. मधले साडेपाच तास मी इस्पितळाच्या तळघरात, जुन्या केसपेपरांच्या खोलीत बसून असते. खिडकी एकच, तीही बोळात उघडणारी. तिच्यातून लोक चिठ्ठी आत सरकवतात आणि मी फाईल बाहेर देते.

सुरुवातीला हे साडेपाच तास मला खायला उठायचे. माझ्याबरोबरचा कारकून मात्र सुखी होता. डबा खाल्ला की टेबलावर डोकं ठेवायचा आणि पाचला उठून चहा मागायचा. आम्ही त्याला कुंभकर्ण म्हणायचो, अगदी तोंडावर. मला तसं बसवेना. रिकामा हात दिसला की आमची आई त्यात झाडू द्यायची, त्याचं हे वळण. म्हणून मी नसता उद्योग सुरू केला. चाळीस हजार फायली, कशाचा कशाला पत्ता नाही. मी एकेकीचं कार्ड केलं, कपाटांना आकडे दिले, खणांना रंगीत पट्ट्या लावल्या. दीड वर्ष लागलं. आधी एक फाईल शोधायला अर्धा दिवस जायचा, आता दोन मिनिटं. साहेब खूश. पाहुणे आले की त्यांना तळघर दाखवायला आणत, आणि मी कपाटाशेजारी उभी राहून हसत असे.

बदलीचा अर्ज मी हा उद्योग सुरू करण्याच्याही आधी दिला होता. नवरा आणि लेक नऊ तासांवरच्या गावी, मी इथे बायकांच्या वसतिगृहात, जिथे मुलं चालत नाहीत. लेक जाऊबाईंच्या हाताखाली वाढतेय. यंदा ती पहिलीत जाणार. शाळा सुरू व्हायच्या आत येईन, असं मी तिला कबूल केलं होतं.

बदल्यांची यादी लागली. माझ्या गावच्या जागेवर कुंभकर्णाचं नाव.

मी तरातरा साहेबांकडे गेले. माणूस वाईट नाही, हीच पंचाईत.

"अहो, तुम्हाला सोडून मी काय करू?" ते म्हणाले. "तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही. मीच वर लिहून दिलं, यांना हलवू नका म्हणून."

"कार्डं आहेत ना साहेब. कुणालाही सापडेल."

"आणि कार्डं नीट कोण ठेवणार? बसा, चहा घ्या."

खाली कुंभकर्ण ड्रॉवर रिकामा करत होता. बिचाऱ्याला खरंच वाईट वाटत होतं. "ताई, मी गेलो तर कुणाचं काय अडतंय? म्हणून सोडलं. तुम्ही मात्र स्वतःच्या हातांनी स्वतःला इथे खिळे ठोकलेत. अजून वेळ गेली नाही, जरा घोळ घाला की."

त्याच दुपारी मी घोळ घातला. सात फायली उचलल्या आणि भलत्याच खणांत खुपसल्या. दोन-चारदा फाईल सापडली नाही की साहेबच म्हणतील, न्या हिला. आतून बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

चौथ्या दिवशी सातांतल्याच एकीची चिठ्ठी आली. चिठ्ठीमागून वॉर्डातली सिस्टर स्वतः धावत आली. "लवकर बघा. आजोबा बेशुद्ध आहेत. मागच्या खेपेला कुठलं औषध बाधलं होतं ते त्यातच आहे, आजींना नाव आठवत नाही." तिच्या मागे आजी पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. गडबड ऐकून साहेबही खाली आले.

कार्डावरच्या जागी फाईल नव्हती. ते सगळ्यांनी पाहिलं. आता 'सापडत नाही' एवढंच म्हणायचं होतं. म्हणावंसं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं, आणि माझी मलाच किळस आली. मी सरळ मागच्या ओळीत गेले आणि नवव्या कपाटाच्या तळच्या खणातून फाईल काढून दिली. चुकीच्या जागासुद्धा मला तोंडपाठ होत्या.

आजोबा वाचले. साहेब दिवसभर सांगत फिरले, "जागेवर नसलेली फाईलसुद्धा या बाईंना दिसते!" आणखी तीन वर्षं मला हलवू नये, असं त्यांनी वर कळवलं आणि माझं अभिनंदन केलं. खरं सांगितलं असतं तर नोकरीच गेली असती, आणि एका पगारात आमचं घर चालत नाही. मी "थँक्यू साहेब" म्हटलं.

उरलेल्या सहा फायली जागच्या जागी लावल्या आणि साडेपाचला बाहेर पडून कपड्यांच्या दुकानात गेले. शाळेच्या पहिल्या दिवशी मी नाही, तर निदान मी पाठवलेला फ्रॉक तरी तिच्या अंगावर असावा.

"केवढी आहे मुलगी?" दुकानातल्या बाईंनी विचारलं. "उंची दाखवा, म्हणजे बरोबर बसेल."

मी हात कमरेपाशी धरला. मग जरा वर नेला. मग पुन्हा खाली आणला.

बाई टेप हातात घेऊन थांबल्या होत्या. "घरी विचारा ना कुणाला," त्या म्हणाल्या.

मी बाजूला जाऊन जाऊबाईंना फोन लावला.