उजेडाची चुंबळ

मी एक रिंगलाईट बोलतोय. नाव इंग्रजी असलं तरी घाबरू नका, काम साधंच आहे. पांढऱ्या उजेडाचं एक गोल कडं, मध्ये मोबाईल अडकवायची खोबण आणि खाली तीन पायांचं स्टँड. मोबाईलपुढे उभं राहणाऱ्याच्या तोंडावर मी उजेड पाडतो. पोरं बिघडली की मोठी माणसं आधी मोबाईलला शिव्या घालतात आणि मग माझ्याकडे बोट दाखवतात. म्हणून म्हटलं, एकदा आपणच तोंड उघडावं. माफी मागायला मात्र मी आलेलो नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. डोळे उघडले ते अकोल्यातल्या एका मोबाईलच्या दुकानात. तिथून मला गीतांजलीने घरी नेलं. ही अकरावीतली मुलगी. तिच्या खोलीत मी खिडकीशी उभा असायचो आणि ती माझ्यापुढे बसून आपल्या चेहऱ्याची परीक्षा घ्यायची. नाकावरची पुटकुळी, डोळ्यांखालची सावली, एक गाल दुसऱ्यापेक्षा भरलेला. मोबाईलमधली कुठलीशी करामत लावून ती सगळं पुसून टाकायची, मग आरशात पाहायची आणि रुसायची. मला तिची कीव यायची. माझ्या उजेडात ती चांगली हसतीखेळती, गोड मुलगी दिसत होती, पण मला विचारतो कोण?

पुढे तिला माझ्यापेक्षा मोठा दिवा मिळाला. दिवाळीला तिची मामेबहीण दामिनी अकोल्याला आली होती. तिच्या पिशवीत मला कोंबून गीतांजली म्हणाली, "घेऊन जाय तू. मले आता हा लहान पडते."

दामिनी अमरावतीजवळच्या वलगावची, नववीत शिकणारी. तिचे बाबा शालिकराम वावरात भाजी पिकवतात आणि आई शकुन ती बाजारात विकते. मला पाहून शकुनबाई खो खो हसल्या.

"हे काय वो बाई? उजेडाची चुंबळ आनली काय?"

बाजाराला जाताना भाजीची टोपली डोक्यावर नीट बसावी म्हणून त्या फडक्याची गोल चुंबळ करतात. तशीच माझी गोलाई. तेव्हापासून त्या घरात मी चुंबळच. खरं सांगतो, दुकानातल्या नावापेक्षा मला हे आवडलं.

दामिनी बाजारात आईच्या शेजारी बसायची. तिचा आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या ओळीतलं गिऱ्हाईक मान वळवायचं. तोच आवाज तिने माझ्यापुढे लावला. भरताचं वांगं हातात घेऊन ती मोबाईलला सांगू लागली, "हे पहा, वांगं नुसतं रंगावर नाई घ्याचं. हातात धरून पहाचं. मोठं दिसते पन हलकं लागते, तेच घ्याचं. जड असलं तं आत बियाच बिया. मले इचारा, आमच्या वावरातलं हाय."

तो व्हिडिओ दूरवर गेला. कितीतरी लोकांनी मनापासून कौतुक केलं. पण माणसाचं मन मोठं विचित्र असतं. शंभर गोड शब्द एका कानाने आत आणि दुसऱ्याने बाहेर, आणि एक कडू शब्द मात्र घर करून राहतो. कोणी लिहिलं होतं, 'मले म्हणे! आधी मराठी शीक.' तिने ते एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. जेवणाचं ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या कुंदनने तिला हाक मारली, "ए मले, गनित झालं काय?" झालं. त्या दिवसापासून वर्गात तिचं नावच 'मले' पडलं. आता गंमत पाहा. हा कुंदन काही परदेशातून आलेला नव्हता. वलगावचाच पोरगा. घरी गेल्यावर तोही आईला म्हणत असणार, मले भूक लागली. पण मोबाईलमध्ये कोणी हसलं, की गावातलाही हसायला मोकळा होतो. मला त्या कुंदनचा असा राग आला, की मला हात असते तर... पण जाऊ द्या.

दामिनीने मग ठरवलं, मराठी सुधारायची. तिचा नियम सोपा होता. जिथे 'ले' येईल तिथे 'ला' म्हणायचं. 'मले' चुकीचं, 'मला' बरोबर. म्हणजे 'ले' हाच सगळा दोष. ती माझ्यापुढे उभी राहिली, ओठ आवळून, एकेक शब्द तोलत.

"आज मी तुम्हाला भरीत दाखवणार आहे. आधी वांगे भाजला. मग सोलला. मग ठेचला. सोबत ताजी पालाभाजी घ्या."

शकुनबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी मान वर केली. "कोन भाजला? काय झालं वो?"

"आई, मधात बोलू नको," दामिनी म्हणाली आणि तो व्हिडिओ तिने तसाच पाठवून दिला.

आधी लोक एका शब्दाला हसले होते, आता सगळ्याला हसले. 'पालाभाजी' हा शब्द गावभर झाला. तिने दोन्ही व्हिडिओ पुसून टाकले, पण लोकांच्या तोंडातून कसे पुसणार? मग ती गप्पच झाली. नुसती रुसून गप्प नव्हे. ज्यात 'ले'ही नाही आणि 'ला'ही नाही, तेवढेच शब्द ती वापरायची. दे. नको. हो. बस. बाजारात जाणंही सुटलं. तासन् तास मोबाईल उघडून बसायची, आणखी कोण काय बोललं ते शोधत. मी कोपऱ्यात धूळ खात ते पाहत होतो आणि जीव जळत होता. पोरीचा आवाज गेला तर तिच्याजवळ उरणार काय, हेच मनात येई.

शकुनबाई शाळा फार शिकल्या नाहीत, पण आई होत्या. एका दुपारी बाजाराला निघताना त्या म्हणाल्या, "दामिनी, चाल. दुकानावरचा चार्जिंगचा बल्ब गेला. ही चुंबळ घे, उजेड पायजे मले."

"नको."

"काहून नको? आता हात दुखते काय तुहा? लोकायनं तोंड बंद केलं, हात तं नाई बांधले न."

दामिनीने तोंड फिरवलं. पण मला उचलून निघाली. आईला अंधारात भाजी विकू देईल, अशी ती नाही.

संध्याकाळ झाली तसं दुकानावरच्या मोठ्या छत्रीच्या दांडीला दामिनीने मला सुतळीने बांधलं. पॉवर बँक जोडली. उजेड पडला, आणि या वेळी तो कोणाच्या चेहऱ्यावर नव्हता, भाजीच्या ढिगावर होता. मेथीच्या जुड्या, ओली कोथिंबीर, वांग्यांचे हिरवे देठ. काय सुंदर दिसत होतं सगळं, आणि कोणीही काही पुसून टाकत नव्हतं.

इतक्यात कुंदनची आई आली आणि तिच्यामागे पिशवी धरून खुद्द कुंदन. दामिनीला पाहताच त्याने मान खाली घातली.

"शकुन, मले एक पालकाची जुडी दे," त्याची आई म्हणाली. "अन् भरताचं वांगं. पोट्टीच निवडून देईन मले. लय पारख हाय तिले."

दामिनीचा हात वांग्यांवर थांबला. ती कुंदनकडे पाहत होती. माझा उजेड त्याच्या लाल झालेल्या कानांवर पडला होता. मी तो जरासुद्धा कमी केला नाही.

तिने एक वांगं उचललं, हातात तोललं आणि पिशवीत टाकलं. मग दिली तीच जुनी, पलीकडच्या ओळीत जाणारी खणखणीत हाक, "काकू, पालेभाजी ताजी हाय. तुमाले मेथी बी देऊ काय? अन् कुंदन, तुले काय पायजे?"

"मले..." तो पुटपुटला. "मले काई नाई."

"जोरानं सांग न. मले आयकू नाई आलं."

शेजारचे भाजीवाले हसले. कुंदनची आईही हसली, का ते न कळता. आणि मग कुंदनलाही हसू आवरलं नाही. शकुनबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि पुढच्या गिऱ्हाईकाला भाव सांगू लागल्या.

दामिनी अजूनही कधीमधी व्हिडिओ करते, बाजारातच, मी वर टांगलेला असताना. कोणी नाक मुरडतं, कोणी शिकवायला येतं. ती वाचते, मोबाईल उलटा ठेवते आणि मेथीवर पाणी शिंपडते. कधी वाईटही वाटतं तिला, वाटणारच. पण जेवते, आणि बोलते.

आता माझे काही दिवे गेले आहेत. अंगावर किडे बसतात, सुतळीचे वळ पडलेत. गीतांजली आली की म्हणते, याला फेकून दे, नवा घे. पोरांनो, माझ्यापुढे खुशाल उभे राहा, पण उभे राहाल ते तुम्हीच असा. दुसऱ्या कोणाचं तोंड लावून येणार असाल, तर खुशाल माझं बटण बंद करा. मी पुन्हा कोणाच्या पुटकुळ्या मोजायला जाणार नाही. मी वलगावच्या बाजारातली चुंबळ आहे, आणि कोणाला माझं मराठी सुधारायचं असेल तर त्याने इथे यावं, भाजी घ्यावी आणि ऐकून जावं. मले इथंच रायचं हाय.